गिऱ्हाईक नसलेला माल

"लाल नळकांडी कुठे आहेत?" बायकोने खालून, केबिनमधून विचारलं.

"आहेत," दुकानदार वरून म्हणाला.

"आहेत ते मलाही माहीत आहे. कुठे?"

तो मागच्या बाकावर सुकाणूचा दांडा धरून बसला होता. होडी धक्क्याला घट्ट बांधलेली, शीड गुंडाळलेलं, वाऱ्याचा पत्ता नाही; तरी दांडा सोडायचा नाही अशी तिची अट होती. उद्या सकाळी तो पहिल्यांदाच एकटा निघणार होता. गुडघा बदलल्यापासून डॉक्टरांनी तिला समुद्र बंद केला होता. आपल्यामुळे नवऱ्यालाही बंद झाला तर तो घरात चार दिवस टिकायचा नाही, हे ती जाणून होती. म्हणून ती जा म्हणाली होती. फक्त ती मागेल ती वस्तू त्याने दांडा न सोडता काढून दाखवायची. नाही जमलं, तर केबिनच्या कुलपाची किल्ली तिच्या पर्समध्येच राहणार होती.

सकाळपासून कप्पे लावणं चाललं होतं. होडी ती केवढीशी, पण माल लावायचा म्हटल्यावर दुकानदाराच्या अंगात आलं होतं. उभा जन्म हार्डवेअरच्या दुकानात गेलेला माणूस. खिळ्यांचा डबा वेगळा, स्क्रूचा वेगळा, सगळे एका रांगेत. चहा, साखर, बिस्किटं पायरीखालच्या कप्प्यात, अगदी हाताशी. ते बघून तिलाही क्षणभर बरं वाटलं होतं.

"पुढे, होडीच्या नाकाशी," तो शेवटी म्हणाला. "जादा शिडाच्या खाली."

"शिडाच्या खाली?"

"आणि दोरखंडाच्या."

तिने कपाळाला हात लावला. जीवावर बेतलं की हातात धरून पेटवायची ती नळकांडी. त्यांचा लाल उजेड बघून कुणीतरी धावून यावं म्हणून.

"अहो, बुडायला लागल्यावर आधी दोरखंड उपसत बसणार का?"

"अगं, इतक्या वर्षांत एकदा तरी लागली का ती? ज्या मालाला गिऱ्हाईक नाही, तो मागेच जातो. सगळीकडे तसंच असतं."

"दुकानात असतं!" रडावं की ओरडावं हे तिला कळेना. "वादळाला काय सांगाल? बसा जरा, गोदामातून मागवतो?"

"हळू बोल. शेजारच्या बोटीवर माणसं आहेत."

"असू देत. त्यांची नळकांडी जागेवर असतील."

त्याने ओशाळून शेजारच्या बोटीकडे पाहिलं. तीच उठली. एका हाताने छताला धरत, दुखरा पाय ओढत ती नाकापर्यंत गेली, दोरखंड बाजूला सारला, शीड ओढलं. डोक्याला तुळई लागली. ज्याने लावलं त्याला शिव्या देत तिने नळकांड्यांची पिशवी बाहेर काढली. परत येऊन पायरीखालचा कप्पा रिकामा केला.

"चहा कुठे नेतेस?"

"पुढे. चहावाचून कोणी बुडत नाही."

पिशवी तिने त्या कप्प्यात ठेवली, वरून तोंड उघडं. आता दारातून हात खाली घातला की झालं, दांडा सोडायला नको. तिने त्याला दोनदा सांगितलं. त्याने दोनदा मान हलवली. मग ती कप्प्याशेजारच्या बाकावर बसली. जरा दम खाल्ला.

"हं. पाणी शिरलंय. अंधार आहे. दांडा सुटता कामा नये. नळकांडं काढा!"

त्याने एका हाताने दांडा आवळला. नजर समोर, छतावरून पार समुद्रावर. दुसरा हात दारातून खाली आला. कप्प्यावरून पुढे सरकला आणि तिच्या तोंडासमोर थांबला. तळवा वर, बोटं पसरलेली.

हा हात तिच्या चांगल्या ओळखीचा होता. गल्ल्यावर बसून गिऱ्हाईकाशी बोलताना तो असाच मागे यायचा, आणि ती फळीवरचं हवं ते त्यात ठेवायची. कधी रिकामा परत गेला नव्हता.

तिने खाली पाहिलं. तिच्याही हातात नळकांडं आलं होतं. पिशवीत हात कधी घातला, तिचं तिलाच कळलं नव्हतं. सकाळपासूनचा राग कुठल्या कुठे गेला आणि तिला भीती वाटली.

"अगं, दे ना," तो समुद्राकडे बघतच म्हणाला.

तिने नळकांडं परत पिशवीत ठेवलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"मी घरी आहे," ती म्हणाली.