ही ती कोंबडी नव्हे

"ही ती कोंबडी नव्हे." म्हाताऱ्यानं चमचा वाटीत टाकला. "साधी आहे. फसवलं तुला त्यानं."

लेक ओट्याला टेकून उभी होती. दिवसभर औषधाच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर बसून बाटल्यांवरची लेबलं तपासायची. तिरकं दिसलं की बाटली बाजूला. घरी आली तरी डोळ्यांपुढून बाटल्या सरकतच राहायच्या. त्यात वाटेवर उतरून चिकन आणायचं, सूप करायचं आणि वर हे.

"बाबा, दुकानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, फक्त सेंद्रिय."

"लिहायला काय जातंय? सगळा जन्म हॉटेलच्या भट्टीपुढं गेला माझा. मोकळ्यावर हिंडलेली कोंबडी दाताखाली आली की रस कसा घशापर्यंत उतरतो. हा नुसता कापूस. जा, सांग त्याला."

"उद्या सांगते."

"उद्या कशाला कबूल करेल तो? आत्ताच जा."

त्या मोठ्या दुखण्यातून उठल्यापासून म्हातारा चिमणीएवढं खायचा. अंगात ताकद यायला हवी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुकानही त्यानंच सांगितलेलं. दुखण्याआधी तो स्वतःच तिथून चिकन आणायचा. वाद घालायला लागणारं त्राणही तिच्यात उरलं नव्हतं. उरलेले तुकडे डब्यात भरून ती निघाली. जिना उतरताना गुडघे कुरकुरले.

दुकान छोटंसं, पण धुऊन पुसून लख्ख. चिकनवाला चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस होता. लेकीनं वडिलांची तक्रार सांगून डबा पुढं केला. त्यानं रबरी एप्रनला हात पुसले, डबा उघडून वास घेतला आणि मग क्षणभर तिच्या दमलेल्या चेहऱ्याकडे बघितलं.

"तुमच्या वडिलांचं बरोबर आहे, ताई. साधी गेली असेल हातून. माफ करा."

मागं उभी असलेली एक बाई हे ऐकून पिशवी उचलून चालती झाली. त्या गिऱ्हाइकाला जाताना त्यानं बघितलं, पण थांबवलं नाही. दुसरी कोंबडी काढली, तुकडे केले, बांधून दिले.

लेकीनं पुडकं पिशवीत टाकलं. "बरं," म्हणून ती परत आली. पुन्हा कुकर लावला. म्हाताऱ्यानं वाटी तळापर्यंत संपवली.

"हं. ही खरी. काय म्हणाला तो?"

"चूक कबूल केली."

"उर्मटपणे?"

"नाही. नीट बोलला."

पुढच्या आठवड्यात तेच झालं. त्याच्या पुढच्यातही.

"मी आता दुसरं दुकान बघते," ती एकदा वैतागून म्हणाली. "दर खेपेला कोण हेलपाटे घालणार?"

"नको," म्हातारा म्हणाला. "हा निदान चूक कबूल तरी करतो. दुसरा तेवढंही करायचा नाही."

म्हणून ती जात राहिली. चिकनवाल्यानं तिच्यासाठी गल्ल्यापाशी एक स्टूल ठेवलं. तुकडे होईपर्यंत चहा यायला लागला. त्याची बायको आजारात गेली होती. दुकान बंद केल्यावर तो मागच्या खोलीत एकटाच भात शिजवायचा. हे त्यानं न विचारता सांगितलं, आणि तिनंही मग न विचारता सांगून टाकलं, की तिचा संसार मोडला होता, ती वडिलांकडे परत आली होती आणि घरात पुन्हा लग्नाचा विषय काढायचा नाही, असा तिनं वडिलांना दम भरून ठेवला होता. तो "ताई" म्हणायचं कधी थांबला, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

एका संध्याकाळी ती डबा घेऊन गेली, तर त्यानं तो हातात घेतलाच नाही.

"आज बदलून देणार नाही."

"का?"

"कारण ही साधी नाही. कुठलीच नव्हती. माझ्या दुकानात साधी कोंबडी आजवर आलेलीच नाही."

तिनं डबा मागं घेतला. "मग दर खेपेला कबूल का करत होता? गिऱ्हाइकं तुटली तुमची. माझ्यासमोर तुटली."

"पहिल्या दिवशी तुम्ही फार दमलेल्या दिसलात. वाद नको वाटला. नंतर..." त्यानं एप्रनची नाडी सोडली, पुन्हा बांधली. "नंतर वाटलं, नाही म्हटलं तर तुम्ही दुसरं दुकान बघाल."

तिनं डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"लग्न कराल माझ्याशी?" तो म्हणाला. "घाई नाही. वडिलांना घेऊन माझ्याकडे या, नाहीतर मी तुमच्याकडे येईन, कसंही."

"विचार करून सांगते," ती म्हणाली. पण घरी जाताना तिनं लांबचा रस्ता धरला आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच पाय दुखत असल्याचं तिला जाणवलं नाही.

म्हातारा जागा होता. तिनं तेच तुकडे गरम केले, सूप वाटीत ओतून त्याच्या हातात दिलं आणि समोर बसून सगळं सांगितलं. लग्नाचंही सांगून टाकलं. म्हातारा मान खाली घालून सूप पीत राहिला.

"पण बाबा, त्याच्याकडे साधी कोंबडी कधी नव्हतीच," ती शेवटी म्हणाली. "मग तुम्हाला दर खेपेला फरक कसा लागायचा?"

म्हाताऱ्यानं वाटी संपवली, तोंड पुसलं.

"रविवारी जेवायला बोलाव त्याला. फक्त मीठ तेवढं तूच चाखून घाल. दुखण्यातून उठल्यापासून माझ्या जिभेला कशाचीच चव लागत नाही."