शिव्या ज्याच्या त्यानं लिहायच्या

"ही शिवी आहे?" मॅनेजरनं कपाळावर हात मारला. "'तू फार साधा, तू फार मेहनती, म्हणून तुला कुणीही गंडवतं.' ही शिवी? अरे, ही तर लग्नाची जाहिरात झाली!"

तोफ्या खाली बघून हसला. शिवी त्यानंच लिहिली होती, तीही स्वतःबद्दल. ठरलंच होतं तसं. तो आणि पेन्सिल, दोघे रॅपर, एकाच खोलीत राहणारे. गाण्यांतून एकमेकांची सालटी काढायची, चाहत्यांना चेकाळवायचं आणि लोक पुरेसे तापले की समेटाचं गाणं आणायचं, असा मॅनेजरचा बेत. भांडण खोटं; पण बोलता बोलता खऱ्यावर जायला नको, म्हणून तोफ्यानंच नियम काढला होता. शिव्या ज्याच्या त्यानं लिहायच्या, दुसऱ्यानं फक्त म्हणायच्या.

आता स्वतःलाच जोड्यानं मारून घ्यायला कोण तयार होतो? सकाळपासून स्टुडिओत हेच दळण चाललं होतं. तोफ्याच्या दोषांतून नुसते गुणच निघत होते. पेन्सिलनं स्वतःबद्दल 'तुझं अक्षर वाईट' एवढंच लिहून दिलं होतं. रेकॉर्डिस्टचं डोकं उठलं.

"तुमचं कौतुक संपलं असेल तर मला जेवायला सोडा," तो म्हणाला.

"खड्ड्यात गेला तो नियम!" मॅनेजर ओरडला. "पेन्सिल, याच्यावर तूच लिही. काय वाट्टेल ते लिही."

"नको ना," पेन्सिल कुरकुरला. "मला नाही सुचायचं."

"लिही रे बिनधास्त," तोफ्या म्हणाला. "मला काय लागणारे? घरचंच तर आहे."

पेन्सिल काचेपलीकडच्या खोलीत गेला आणि हेडफोन चढवला.

"अरे बाबा, आधी लिही तरी!" रेकॉर्डिस्ट वैतागला.

"लाव तू."

ताल सुरू झाला. पेन्सिलनं डोळे मिटले.

"कडवं माझं, नाव तुझं, टाळ्या तुझ्या दारी,
मी कायम मागच्या बाकावर, तुझी पुढे स्वारी.
माझ्या आईनं ताट वाढलं, जेवलास दोन्ही वेळ,
मुलाखतीत सांगून आलास, एकट्यानंच मांडला खेळ."

असं बरंच होतं. कुठे अडखळणं नाही, शब्द शोधणं नाही. सुरुवातीला तोफ्या मान डोलावत होता. आईचं नाव आलं आणि त्याची मान थांबली.

"वा रे पठ्ठ्या!" मॅनेजर नाचायचाच बाकी होता. "आणि म्हणे सुचत नाही!"

पेन्सिल बाहेर आला. कुणाकडेही न बघता त्यानं पाण्याची बाटली उघडली.

"कधी केलंस हे?" तोफ्यानं विचारलं.

"झाले बरेच दिवस."

"मग मला बोलायचं होतंस की."

"तुला म्हणे काही लागत नाही," पेन्सिल म्हणाला.

"गप्पा घरी मारा!" मॅनेजरनं तोफ्याला आत ढकललं. "जा, उत्तर दे. डोकं तापलंय तोवर देऊन टाक."

तोफ्या माइकसमोर उभा राहिला. ताल सुरू झाला, पुढे गेला, संपत आला. त्याचं तोंड उघडेना. बाहेरून मॅनेजर हातवारे करून दमला. शेवटी तोफ्या माइकजवळ आला.

"मला त्याच्याबद्दल वाईट काही माहीतच नाही."

पेन्सिल बाटली तोंडाशी धरून तसाच राहिला.

"हे! हेच ठेव!" मॅनेजर खुर्चीतून उडाला. "एका ओळीत संपवलं की रे त्याला!"

रेकॉर्डिस्टनं यंत्राकडे पाहिलं, मग काचेपलीकडच्या चेहऱ्याकडे. "रेकॉर्डच झालं नाही," तो म्हणाला. चक्क खोटं बोलला.

मॅनेजरनं चरफडत बटण दाबलं आणि आतल्या खोलीत आवाज दिला.

"पुन्हा म्हण रे तेच! आणि शेवटी आवाज फाटला होता ना, तसाच फाटू दे."