आखडलेला खांदा

तेरच्या प्रेमलाबाईंच्या खांद्यातला तुटलेला स्नायुबंध शिवून तीन महिने झाले, तरी हात छातीच्या वर जाईना. धाराशिवच्या डॉक्टरांनी तपासून पाहिलं. "टाके पक्के आहेत, पण सांधा आखडलाय. व्यायाम करता ना, मावशी?"

"रोज करती की!" नवरा धोंडीबाच बोलला. "खोलीचं दार लावून करती. पाणी, भाकरी, म्हशीचं शेण, समदं मीच बघतो, साहेब. तिला काय बी उचलू दिलं न्हाय."

डॉक्टरांनी त्याला गोळ्या आणायला खाली पाठवलं. मग हळू आवाजात विचारलं, "मावशी, खरं सांगा. एकदा तरी केला का व्यायाम?"

"न्हाय," त्या खाली बघत म्हणाल्या.

"दुखतं म्हणून?"

"दुखण्याला कोण भितंय, साहेब."

"अहो, आणखी उशीर केला तर हात जन्मभर असाच राहील."

प्रेमलाबाईंनी दाराकडं पाहिलं. नवरा अजून आला नव्हता.

"राहू द्या. लगीन होऊन चाळीस वर्सं झाली. 'तू बस, मी करतो' हे आत्ता कुठं ऐकायला मिळतंय."