किळस येणारा दाता

आईच्या छातीतला हिरवट कफ बरणीत ठिबकताना पाहून पद्माकरनं नाकाला रुमाल लावला. रक्तात जंतू पसरून सेप्सिस झाल्यावर तिची प्रतिकारशक्ती मुकी झाली होती आणि फुप्फुसात विषाणू मोकाट सुटले होते. आता घरातल्या कुणीतरी त्या कफाची वाफ हुंगायची, आणि त्याच्या रक्तात उठलेले धोक्याचे इशारे आईला टोचायचे.

अर्थात, आधी त्याची बायको उज्ज्वलाच बसली.

"ताई, तुमचं रक्त ढिम्म आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किळस आल्याशिवाय इशारा उठत नाही."

"सासूबाईंचं सगळं मीच काढते. मला कसली किळस?" तिनं नाकाला रुमाल लावलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, या. तुमच्याइतकं कोरं माणूस शोधून सापडायचं नाही."

वाफेचा मास्क ओलसर होता. पहिल्याच श्वासाला आंबूस, कुजका वास घशात उतरला आणि पद्माकरला उमासा आला. इशारा मोजणाऱ्या पडद्यावरची रेघ उसळली.

"छान! आता वाचतील त्या."

आईनं डोळे उघडले होते. ती त्याचा वेडावाकडा झालेला चेहरा पाहत होती. त्यानं ओशाळून मान वळवली, तशी रेघ खाली आली.

"त्यांच्याकडेच बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे बघितलंत की इशारा जास्त उठतो."