विकायला काढलेलं घर

सेऊलहून आलेल्या माणसाने बूट न काढताच ओसरीवर पाय ठेवला, तेव्हाच पिल्सुन आजींनी ठरवून टाकलं की हे घर याच्या हाती जाता कामा नये.

एजंट बाराला यायचा होता. हा गृहस्थ मात्र साडेनऊलाच येऊन थडकला होता. अंगणात उभं राहून त्याने आजींना आपले बेत ऐकवले. इथे कॅफे काढायचा. दक्षिणेची भिंत पाडून काच बसवायची. सोयाबीनची चटणी मुरवायच्या रांजणांचा कट्टा उखडला की चार गाड्यांची सोय होईल.

आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याला आत नेऊन आढ्याकडे बोट दाखवलं.

"धामण आहे वर. चावत नाही. उन्हाळ्यात पडते कधीमधी खाली."

तो दोन पावलं मागे सरला. आजी पुढे म्हणाल्या की याच खोलीत थोरल्या सासूबाई गेल्या. त्यांना अनोळखी माणूस घरात खपत नसे, आणि अजूनही खपत नाही. दहा मिनिटांत गाडी गल्लीबाहेर पडली. आजींनी ओसरीवरचे बुटांचे ठसे ओल्या फडक्याने पुसून काढले आणि चुलीत दोन लाकडं सारली.

अकराच्या सुमारास दुसरी गाडी आली. ग्वांगजूचं जोडपं, तेशिक आणि बोराम, आणि त्यांची सहा वर्षांची लेक दाओन. तेशिकला इथल्या शाळेत नोकरी लागली होती. दाओनने बूट काढले, टाचा जुळवून नीट लावून ठेवले, आणि मधल्या दालनाच्या लाकडी फळ्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धूम ठोकली.

"दाओन, हळू, खालचे लोक..." बोराम बोलता बोलता थांबली आणि स्वतःच हसली. ते तिघं शहरात अकराव्या मजल्यावर राहत. दहाव्या मजल्यावरून रोज संध्याकाळी तक्रार यायची.

"पळू दे तिला," आजी म्हणाल्या. "खाली मुंग्याच आहेत."

मग आजींची कळी खुलली. लग्न होऊन त्या या गल्लीत आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. त्याला आता पंचावन्न वर्षं झाली. कोपऱ्यातल्या खोलीत पाच मुलं जन्मली. पाचांनाही पहिली अंघोळ आजींनीच घातली होती. दाराच्या जाळीला नवा कागद चिकटवला त्याच दिवशी धाकट्याने त्याला बोटाने सात भोकं पाडली होती आणि मार चुकवायला मोठ्या रांजणात लपला होता. सगळं गाव शोधत होतं आणि हा आत बसून चाखत होता. ते सांगताना आजी इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. तेशिकने भिंतीवरचे फिकट चौकोन पाहून विचारलं, तर फोटो आधीच बुसानला गेलेत, असं त्या म्हणाल्या.

त्यांनी तिघांनाही चुलीलगतच्या खोलीत आडवं व्हायला लावलं. चुलीची धग जमिनीखालून खेळत होती, त्यामुळे जमीन छान तापली होती. आजींनी निखाऱ्यातून रताळी काढून आणली. दाओनने दीड रताळं खाल्लं आणि तिथेच गालाला साल चिकटलेलं असताना झोपी गेली. तेशिक छताकडे पाहत कितीतरी वेळ पडून राहिला. मग म्हणाला की आपल्या पाठीचं दुखणं थांबलंय.

आजींना वाटलं, जमलं.

पण नवरा-बायको ओसरीवर जाऊन हळू आवाजात बोलत राहिले. परत आले तेव्हा बोरामचे डोळे ओले होते.

"आजी, घर आम्हांला फार आवडलं," ती म्हणाली. "पण आम्ही नाही घेऊ शकत. तुमचा सगळा जन्म इथं गेला. या वयात तुम्हांला इथून उठवायचं, हे आमच्यानं होणार नाही."

तेशिक झोपलेल्या मुलीला उचलायला वाकलासुद्धा.

सबंध सकाळ आजींनी एवढा विचार केला होता, पण हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी घाईघाईने बोरामचा हात धरला.

"घ्या गं पोरी. माझ्यासाठी नको मागं सरू."

"मग तुम्ही कुठं जाल?"

आजी तोंड उघडणार, तोच एजंट धापा टाकत अंगणात शिरला. त्याने वाकून वाकून माफी मागितली. मालकीणबाईंनी बुसानहून पाठवलेली चावी त्याला आत्ताच टपालातून मिळाली होती. तीन वर्षं घर बंद, त्यामुळे आपण सगळे बाहेर ताटकळत असाल असं त्याला वाटलं होतं. बोलता बोलता त्याचं लक्ष उघड्या दाराकडे गेलं, मग धुराकडे, आणि मग हातात रताळ्यांचं ताट घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईकडे.

"आपण कोण?" त्याने विचारलं.

"मी शेजारची," आजी म्हणाल्या. "एक चावी माझ्याकडं असते. चला, जेवायलाच या सगळे, भिंतीपलीकडं तर जायचंय."