मन्मथची डार्करूम

लातूरच्या मन्मथला कृष्णधवल फोटो घरीच धुवायचा नाद लागला, तेव्हा घरात अंधाराची केवढी टंचाई आहे ते त्याला कळलं. शेवटी त्यानं घरातली एकुलती एक बाथरूम धरली. खिडकीला गोधडी ठोकली, लाल बल्ब लावला, बादल्यांवर फळी टाकून ट्रे मांडले आणि भर दुपारी आतून कडी लावून घेतली.

कागदावर त्याच्या बायकोचा, सुकन्याचा चेहरा उमटू लागला आणि दार वाजलं.

“कोण हाय आत?” बाहेरून वडिलांनी विचारलं.

मन्मथ तोंड उघडणार, तोच पाण्याच्या पिंपामागून त्याच्याच आवाजात उत्तर गेलं, “मी हाय, अप्पा. दार ढकलू नका, फोटो खराब होतोय.”

अप्पा पुटपुटत गेले. मन्मथनं पिंपामागं वाकून पाहिलं. तिथं नुसता झाडू होता. बाथरूममध्ये आवाज घुमतोच, असं त्यानं मनाला समजावलं. पण आपण बोललोच नव्हतो हे आठवलं आणि त्याच्या हातातला चिमटा ट्रेत पडला.

थोड्या वेळानं सुकन्या आली. “अजून किती येळ? अप्पा लई ताटकळलेत.”

“झालंच. तू चहा टाक, आलोच मी,” पिंपामागचा आवाज लाडात म्हणाला.

फोटो गेला खड्ड्यात, म्हणत मन्मथनं कडी ओढली. ती हलेना.

“सुकन्या! दार उघड!” तो ओरडला.

बाहेर कपबशी वाजली. मग सुकन्याचा दबका आवाज आला, “अहो, तुमी तर हितं बसलाव. मग आत तुमच्या आवाजात कोण वरडायलंय?”