प्रवचनातलं नाव
"बघू, आता पाद्रीबाबा कुणाचं नाव घेतात," मागच्या बाकावरची मार्जरी शेजारणीला म्हणाली. थॉमसिनला ऐकू जावं, एवढ्याच हळू. "यहूदाचं, की शौल राजाचं? दोघांनीही आपला जीव आपणच घेतला."

"गप गं! पंचांनी अपघात ठरवलाय ना?"

"पंच काय, बिअरचा पेला पुढं केला की काहीही ठरवतील."

थॉमसिननं मान वर केली नाही. समोर तिच्या नवऱ्याची, जाईल्सची शवपेटी होती. चार दिवसांपूर्वी तो गिरणीच्या तळ्यात सापडला. पाय घसरला, असं ती सगळ्यांना सांगत आली होती. पण त्या पहाटे काठावर जोडीनं ठेवलेले त्याचे बूट तिनंच गुपचूप घरी आणले होते. वाटेत नेमके पाद्री हॅलोवे भेटले. तिच्या शालीखालून बुटाची एक टाच डोकावत होती. त्यांनी टोपी काढली आणि काही न विचारता ते पुढं गेले.

मेलेल्याविषयी ते कधी उघड बोलत नसत. शास्त्रातलं एक नाव घेत. गाव काय ते समजून जाई. आज यहूदाचं नाव आलं, की पंचांचा निवाडा फिरलाच. जाईल्सला चर्चच्या आवारात जागा मिळणार नव्हती. आपला जीव घेणाऱ्यांना पुरत तसं चौरस्त्यावर, छातीत मेख ठोकून पुरणार होते. गाय, माग, भांडीकुंडी, सगळं कायद्यानं राजाचं होणार होतं.

प्रवचन सुरू करायला पाद्रीबाबांनी वाळूचं घड्याळ उलटं केलं. मग पेटीकडं पाहिलं.

"पेत्र," ते म्हणाले.

थॉमसिनच्या छातीवरची धोंड उतरली. पेत्र पाण्यावरून चालत प्रभूकडं निघाला, वाऱ्याला भ्याला आणि बुडू लागला. प्रभूनं हात धरून त्याला वर काढलं. घाबरून बुडणाऱ्याची गोष्ट. यात कुणाला काय म्हणता येणार होतं?

"सुटला गं बिचारा," मार्जरी म्हणाली आणि एप्रनला नाक पुसू लागली. तिला खरंच रडू आलं होतं.

चार दिवसांत पहिल्यांदाच थॉमसिननं मोकळा श्वास घेतला. बूट त्यांना दिसलेच नसतील, तिला वाटलं. तिनं मान वर केली. पाद्रीबाबा तिच्याकडंच पाहत होते.

"पेत्राला नावेतून कुणी ढकललं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "भर वादळात तो आपल्या पायांनी पाण्यात उतरला होता. तरी प्रभूनं हात दिलाच."